सेल्फ लागत नाही म्हणून लगेच नवी बॅटरी घेऊ नका

एटीव्हीचं, म्हणजे शेतात फिरवायच्या छोट्या चारचाकी बाइकचं, सेल्फचं बटण दाबलं आणि इंजिन फिरलंच नाही की आपल्याकडं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, बॅटरी गेली. दुसरं वाक्य, नवीन टाकूया. नवीन बॅटरी येते, बटण दाबतात, तरी गप्प, मग सेल्फ मोटर गेली म्हणायचं, ती कुठनं तरी मागवायची, आठ दिवस वाट बघायची, बसवायची, तरी गप्प, आणि मग गाडी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली जाते ती जातेच. पन्हाळ्याच्या बाजूला, गगनबावडा रोडला, राधानगरीकडं जिथं जिथं कृषी पर्यटन केंद्रं झालीत तिथं अशा झाकून ठेवलेल्या छोट्या गाड्या मी बघितल्यात आणि दर वेळी जीव हळहळतो, कारण त्यातल्या कितीतरी गाड्यांना झालेलं काय असतं तर एक गंजलेलं टर्मिनल किंवा नीट न दाबला जाणारा एक स्विच. त्याच्यापायी माणसानं दोन-दोन पार्ट विकत घ्यायचे हे मला बघवत नाही.

माझं काम मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरीत तांब्याची तार परत भरायचं, कोल्हापूरच्या उद्यमनगरात. शेतीपंपाच्या मोटरी, ग्राइंडर, ड्रिल मशीन, पंखे हेच दिवसभर. गाडीचा फिटर मी नाही, पण सेल्फ मोटर ही शेवटी डीसी मोटरच आहे, त्यामुळं ओळखीतले लोक ती पिशवीत घालून आणतात आणि टेबलावर ठेवून म्हणतात, ही जळलीया, भरून दे. भरायची गरज फार कमी वेळा असते. कित्येकदा ती मोटर मी बॅटरीला लावतो आणि ती तिथंच व्हाइसमध्ये छान फिरते, म्हणजे दोष गाडीतच राहिलेला असतो. हे सगळं एकदा नीट लिहून ठेवावं असं कधीपासून डोक्यात होतं, दाजींच्या गाडीच्या निमित्तानं आता लिहितोय.

पहिलं काम पाना हातात न घेता करायचं. चावी ऑन करा, ब्रेक दाबून धरा, बटण दाबा आणि सीटजवळ कान न्या. काहीच आवाज येत नाही, किंवा एकदाच टक असा आवाज येऊन सगळं शांत होतं, किंवा टकटकटकटक असं चालू राहतं, किंवा मोटर घूंऽऽ करून फिरते पण इंजिन जागचं हलत नाही. ह्या चारपैकी तुमचं कुठलं ते कळलं की निम्मं काम झालं असं समजा, कारण प्रत्येकाचं घर वेगळं आहे.

का ते सांगतो. ह्या गाड्यांत सेल्फसाठी करंटचे दोन रस्ते असतात. एक जाड, बॅटरीच्या प्लसपासून जाड केबल रिलेला, रिलेपासून तसलीच जाड केबल मोटरला, आणि मोटरच्या बॉडीतनं, इंजिनमधनं, अर्थच्या केबलनं परत बॅटरीच्या मायनसला. ह्या रस्त्यावरनं चाळीस-पन्नास अँपिअर जातात, पहिल्या झटक्याला त्याहून जास्त. दुसरा रस्ता बारीक, फ्यूज, चावी, ब्रेकचा स्विच, स्टार्टचं बटण, काही गाड्यांत न्यूट्रलचा स्विच आणि इंजिन बंद करायचा लाल किल स्विच किंवा मूल पडलं की इंजिन बंद करणारी, त्याच्या मनगटाला बांधायची ती दोरीसुद्धा, आणि शेवटी रिलेची कॉइल. ह्याच्यातनं दोन-तीन अँपिअर जेमतेम जातात. रिले म्हणजे सीटखाली बॅटरीजवळ असते ती काळी डबी, दोन जाड बोल्ट आणि दोन बारीक वायरी असलेली, बारीक रस्ता कॉइलला जागं करतो आणि कॉइल जाड रस्त्याचा दरवाजा उघडते. तो टक म्हणजे दरवाजा उघडल्याचा आवाज. टक आला तर बारीक रस्ता शाबूत आहे, जाड रस्ता बघा. टक आला नाही तर जाड केबलीला आणि मोटरला लगेच हात लावायचं कारण नाही, आधी बारीक रस्त्यावर शोधा. टकटकटक चालू असेल तर कॉइल ओढते, मोटर करंट मागते, व्होल्टेज कोसळतं, कॉइल सुटते, व्होल्टेज परत वर येतं, कॉइल परत ओढते, असं ते चक्र असतं, म्हणजे बॅटरी उतरलीय किंवा बॅटरीच्या टर्मिनलवरच कनेक्शन कच्चं आहे.

आता बॅटरी. मल्टीमीटर लावला, १२.६ व्होल्ट दाखवलं, बॅटरी चांगली, असं म्हणून लोक पुढं जातात. १२.६ ते १२.८ म्हणजे फुल्ल चार्ज हे खरं, १२.२ च्या आसपास असेल तर निम्मी उतरलेली आणि १२ च्या खाली असेल तर आधी चार्जिंगला लावा मगच पुढचं बोला, हेही खरं. पण हे सगळं बॅटरी आरामात बसलेली असतानाचं. पंपाचा वॉल्व्ह बंद ठेवून गेजवर प्रेशर बघितलं तर ते भरपूरच दिसणार, पाणी किती येतंय ते वॉल्व्ह उघडल्यावरच कळतं, तसंच इथं. मीटरच्या दोन्ही पिना बॅटरीच्या टर्मिनलवर धरून ठेवा आणि दुसऱ्या माणसाला बटण दाबायला सांगा. आकडा १० च्या आसपास किंवा वर राहिला तर बॅटरी काम करतेय. सहा-सातवर आपटला तर बॅटरीत दम नाही, किंवा क्वचित मोटर नाहीतर इंजिनच जाम झालंय आणि ते सगळा करंट खातंय. आणि बटण दाबूनही आकडा जिथल्या तिथं, १२.६ चा १२.६ च, तर बॅटरीकडं कुणी काही मागितलेलंच नाही, रस्ताच कुठंतरी तुटलाय. हा शेवटचा प्रकार असताना नवी बॅटरी आणली जाते तेव्हा मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

दाजींचं नेमकं हेच झालं होतं. दाजींचं शेत पन्हाळ्याच्या पायथ्याला, तिथं त्यांनी चार खोल्या बांधल्यात, हुरडा, गुऱ्हाळ, पोरांना बैलगाडीतनं फेरी आणि त्यातच एक ११० सीसीची सेकंडहँड एटीव्ही. ही गाडी आपल्या शेतात, आपल्या बांधाच्या आत फिरवायची, नंबर घेऊन रस्त्यावर चालवायची गाडी नव्हे, हे त्यांना माहितीय आणि ते पाळतातही. दिवाळीच्या सुट्टीला पाहुणे येणार आणि गाडी बंद, म्हणून फोन.

"पाव्हणं, गाडी सेल्फच घेईना झालीया. नवी बॅटरी टाकली तरी ढिम्म."

"दाजी, बटण दाबल्यावर टक वाजतंय का?"

"कायबी वाजत न्हाई."

"बरं. ब्रेक दाबा आणि मागची लाल लाइट लागतीय का तेवढं बघून सांगा."

फोन तसाच चालू, थोड्या वेळानं आवाज आला, "लाइट न्हाई लागत की ओ. हेचा काय संबंध?"

संबंध मोठा आहे. आपल्या ॲक्टिव्हाला जसं ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही तसंच ह्या गाड्यांनाही केलेलं असतं आणि बऱ्याच गाड्यांत स्टार्टच्या बटणाला करंट ब्रेक लाइटच्या वायरीतनंच दिलेला असतो. म्हणजे ब्रेक दाबल्यावर मागं लाल लाइट लागली तर फ्यूज ठीक, चावी ठीक, ब्रेकचा स्विच ठीक, एका नजरेत तीन गोष्टी तपासून झाल्या. लागली नाही तर ह्या तिघांतच कुठंतरी अडकलंय, फक्त बल्ब उडालेला नाही ना एवढं आधी बघून घ्यायचं. दाजींच्या गाडीचा हॉर्न वाजत होता, म्हणजे फ्यूज आणि चावी ठीक, राहिला ब्रेकचा स्विच.

रविवारी गेलो. हँडलच्या डाव्या लिव्हरपाशी वाकून बघितलं तर लिव्हर नवीन, चकचकीत, बाकी हँडल जुनं. उन्हाळ्यात एका पाहुण्याच्या पोरानं गाडी बांधावरनं घसरवली, लिव्हर मोडली, गावातल्या दुकानातनं मिळाली ती दुसऱ्या कुठल्या तरी गाडीची लिव्हर बसवली. ब्रेक लागतो, त्यात काही कमी नाही. पण लिव्हरच्या मुळाशी एक बारीकशी पिन असते, लिव्हर सोडलेली असताना ती आत दाबलेली राहते आणि लिव्हर ओढली की बाहेर येते, बाहेर आली की स्विच लागतो. ह्या नव्या लिव्हरचं नाक दोन-अडीच मिलिमीटर जास्त लांब, त्यामुळं लिव्हर पूर्ण ओढली तरी पिन आतच दाबलेली. उजव्या लिव्हरच्या स्विचची वायर त्याच अपघातात तुटून आतल्या आत लोंबत होती, म्हणजे दोन्हीकडनं रस्ता बंद. कानशीनं नाक थोडं थोडं घासलं, मध्ये मध्ये ओढून बघितलं, पिन सुटायला लागली, मागं लाल लाइट लागली. उजवीकडची वायर सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. बटण दाबलं तर टक वाजलं.

पण नुसतं टक. इंजिन एकदा कण्हल्यासारखं हललं आणि थांबलं. असं होतं, एका गाडीत एका वेळी दोन दोष असू शकतात, आणि म्हणूनच पहिला दोष सापडला की दुसऱ्यासाठी परत पहिल्यापासून मोजत यायचं, अंदाज करायचा नाही. बॅटरीवर मीटर ठेवला, बटण दाबल्यावर आकडा ११.४, म्हणजे बॅटरी तगडी आहे पण करंट पुरेसा निघतच नाही. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी थेट इंजिनच्या उघड्या धातूला लावली आणि परत बटण दाबलं. इथं खरं तर जवळपास शून्य यायला पाहिजे, अगदी ओढून ताणून ०.५ पर्यंत चालेल. आलं ३ च्या वर. म्हणजे तीन व्होल्टपेक्षा जास्त नुसते अर्थच्या रस्त्यात खर्च होत होते.

अर्थची केबल कुठं जाते ते हातानं चाचपत गेलो. पावसाळ्याआधी दाजींनी गाडीच्या मागं वैरणीचा भारा ठेवायला कॅरिअर वेल्डिंग करून घेतलं होतं, फॅब्रिकेशनवाल्यानं काम छान केलेलं, वर अख्ख्या चेसिसला काळा ऑइलपेंटही मारून दिलेला, आणि अर्थच्या केबलचा बोल्ट त्या पेंटवरच आवळलेला. बोल्ट सोडला तर लगखाली, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली, गुळगुळीत काळा पेंट, आणि लगला हिरवी-पांढरी पावडर. पॉलिश पेपरनं दोन्हीकडं चकाकी येईपर्यंत घासलं, दातेरी वॉशर घातला, आवळलं, वरनं व्हॅसलीन फासलं. व्हॅसलीन आवळून झाल्यावर वरनं लावायचं, म्हणजे हवा-पाणी आत जात नाही. परत मोजलं, ०.२. बटण दाबलं आणि गाडीनं एका दमात सेल्फ घेतला, दाजींचा धाकटा लगेच चढून बसला, त्याला आधी हेल्मेट घालायला लावलं.

वेल्डिंगवरनं आठवलं म्हणून इथंच सांगतो, गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी काढायची आणि सीडीआयचा, म्हणजे प्लगची ठिणगी सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीचा, सॉकेटही सोडून ठेवायचा, वेल्डिंगचा करंट कुठल्या वायरीतनं परत जाईल ह्याचा नेम नसतो.

ह्या अर्थच्या दोषात एक मोठी फसगत आहे आणि ती समजून घेतली पाहिजे. दाजींच्या इथं एका ओळखीच्या पोरानं आधी मीटर बझरवर ठेवून केबल तपासली होती, मीटर बीप वाजला, म्हणून केबल चांगली असं त्यानं सांगितलं. बझर वाजणारच. मीटर त्या केबलमधनं अगदी नगण्य करंट पाठवतो, केबलमधली तांब्याची एक तार जरी शिल्लक असली तरी तेवढ्याला ती पुरते. पण हिशोब करा, कनेक्शनला नुसता ०.१ ओहम रेझिस्टन्स आहे आणि मोटरला ५० अँपिअर पाहिजेत, तर ५० गुणिले ०.१ म्हणजे ५ व्होल्ट तिथंच गेले, बारातले सात राहिले. सातवर सेल्फ मोटर काय फिरणार. आणि ०.१ ओहम साधा मीटर धड दाखवतही नाही, त्याच्या स्वतःच्या पिनांचाच तेवढा असतो. म्हणून जाड रस्ता ओहमवर किंवा बझरवर कधी तपासायचा नाही, बटण दाबून धरून व्होल्टवर तपासायचा. बॅटरीच्या प्लसपासून मोटरच्या बोल्टपर्यंत, बॅटरीच्या मायनसपासून इंजिनपर्यंत, आणि रिलेच्या दोन जाड बोल्टांच्या मध्ये. जिथं आकडा मोठा तिथं चोर.

रिलेच्या दोन बोल्टांवर बटण दाबल्यावर ०.२-०.३ पेक्षा जास्त येत असेल तर आतले कॉन्टॅक्ट जळलेत. टक वाजतोय पण दोन बोल्टांवर पूर्ण १२ दिसतायत, तर दरवाजा वाजतोय पण उघडत नाहीये, रिले बदला, स्वस्तातला पार्ट आहे. टकच वाजत नसेल तर रिलेच्या दोन बारीक वायरींवर टेस्ट लॅम्प लावून बटण दाबा, लॅम्प लागला तरी रिले गप्प असेल तर कॉइल तुटलीय, कॉइलचा रेझिस्टन्स साधारण ३ ते ५ ओहम यायला पाहिजे. लॅम्प लागलाच नाही तर रिले निर्दोष आहे, मागं मागं जात स्विच शोधा. ह्या कामाला मीटरपेक्षा टेस्ट लॅम्प बरा, जुन्या इंडिकेटरचा १० वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी, कारण तो थोडा तरी करंट ओढतो, कच्चं कनेक्शन असेल तर तो मंद लागतो आणि लगेच कळतं.

रिलेचे दोन बोल्ट पान्यानं शॉर्ट करून मोटर फिरते का बघायची पद्धत सगळ्यांना माहिती असते. पद्धत बरोबर आहे, उत्तर चटकन मिळतं, पण ती करताना जी काळजी घ्यायला पाहिजे ती कुणी घेत नाही म्हणून जरा ठासून सांगतो. बोल्ट शॉर्ट केले की चावी बंद असली तरी मोटर फिरते, ब्रेकचा स्विच, न्यूट्रलचा स्विच, दोरी, सगळ्या सुरक्षेला तुम्ही बगल दिलेली असते. गाडी गिअरमध्ये असली तर ती जागच्या जागी उडी मारते. म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना पुढं-मागं दगड, चावी बंद, मुलं लांब, चेनपाशी कुणाचा हात नाही, पेट्रोलचा वास येत नाहीये ह्याची खात्री, आणि ठिणगी रिलेपाशी पाडायची, बॅटरीच्या टर्मिनलवर नाही, चार्जिंगवरनं काढलेल्या बॅटरीतनं हायड्रोजन निघत असतो. हातात अंगठी, कडं असेल तर काढून ठेवा, बॅटरी छोटी असली तरी अंगठी शॉर्ट झाली तर बोट भाजून निघतं.

बरं, आता समजा रस्ते दोन्ही ठीक आहेत, मोटरच्या बोल्टपर्यंत दहा-अकरा व्होल्ट पोचतायत आणि तरी मोटर फिरत नाही. आता मोटर काढायची, बॅटरीचा मायनस आधी सोडून. केबलचा नट सोडताना एक जपा, त्या बोल्टावर खाली अजून एक नट असतो, तो दुसऱ्या पान्यानं धरून ठेवायचा, नाहीतर अख्खा बोल्ट फिरतो, आतलं प्लास्टिकचं इन्सुलेशन फुटतं आणि कार्बनची (मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणाऱ्या ठोकळ्याची) वायर तुटते, चांगली मोटर अशीच मरते. दोन बोल्ट काढले की मोटर हलवत हलवत बाहेर येते. तोंडाला ओ-रिंग असते, ती कडक झाली असेल तर बदला.

उघडायच्या आधी बॉडीवर आणि झाकणांवर पंचनं नाहीतर मार्करनं एक रेघ मारून ठेवा, परत बसवताना झाकण त्याच जागी यायला पाहिजे. मग दोन लांब स्क्रू काढले की मागचं झाकण निघतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात राहिलेल्या किंवा सर्व्हिसिंगच्या प्रेशर पंपानं धुतलेल्या गाडीची मोटर उघडली की बघायला मिळतं ते असं: कार्बनची झिजलेली पावडर आणि पाणी मिळून काळा चिखल झालेला, तो वाळून घट्ट बसलेला, आणि त्यात कार्बन होल्डरमध्ये असा अडकलेला की मागची स्प्रिंग ढकलतेय पण तो पुढं सरकतच नाही, कम्युटेटरला, म्हणजे फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांना, टेकतच नाही. कार्बन बोटानं मागं दाबून सोडा, तो आपणहून टुणकन पुढं यायला पाहिजे. येत नसेल तर होल्डर पेट्रोलनं किंवा थिनरनं साफ करायचा, सुकू द्यायचा. कार्बन अगदीच आखूड झाला असेल तर बदलायचा, उद्यमनगरात त्या मापाचा किंवा थोडा मोठा घासून बसवायला मिळतो. कम्युटेटर काळा पडला असेल तर बारीक काचपेपरनं गोल फिरवत घासा, एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण करंट वाहून नेतात आणि पट्ट्यांच्या मध्ये अडकून बसतात. घासून झालं की पट्ट्यांमधल्या बारीक खाचा हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यानं हळूच साफ करायच्या. मीटर लावून बघा, कुठल्याही पट्टीपासून शाफ्टपर्यंत काही दाखवता कामा नये, दाखवलं तर आर्मेचर (तार गुंडाळलेला फिरता भाग) बॉडीला लागलंय, ते काम आमच्यासारख्याचं.

आणि मोटरवर हातोडीनं ठोकायचं बंद करा. ठोकल्यावर कधीकधी गाडी सेल्फ घेते हे खरं, अडकलेला कार्बन हादऱ्यानं सुटतो म्हणून घेते. पण ह्या छोट्या मोटरींच्या आत बॉडीला चिकटवलेली फेराइटची मॅग्नेट असतात, ती हातोडीनं तडकतात, तुकडा सुटून आर्मेचरमध्ये अडकला की कार्बन साफ करून भागलं असतं ती मोटर भंगारात जाते. मॅग्नेट आहेत म्हणूनच अजून एक, बॅटरी उलटी जोडली तर ही मोटर उलटीही फिरते, आणि फ्यूज, रेक्टिफायर (बॅटरी चार्ज करणारा पार्ट) धोक्यात येतात ते वेगळंच. नवी बॅटरी टाकताना प्लस-मायनसची बाजू जुन्यासारखीच आहे का बघून घ्या, काही बॅटऱ्यांची बाजू उलटी असते.

बटण किती वेळ दाबायचं ह्याबद्दलही सांगतो, कारण माझ्याकडं खरोखर जळून आलेल्या मोटरी बहुतेक ह्याच कारणानं जळलेल्या असतात. चार्ल्स केटरिंगनं अमेरिकेत मोटारगाडीसाठी इलेक्ट्रिक सेल्फ बनवला, तो १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला. त्याच्या आधी इंजिन फिरवण्याएवढी मोटर गाडीत मावणारच नाही असं लोक धरून चालले होते. त्यानं ओळखलं की ही मोटर काही सेकंदच चालायची आहे, मग छोट्या मोटरवर तेवढ्यापुरता तिच्या ताकदीबाहेरचा लोड टाकला तरी चालतो. आजही प्रत्येक सेल्फ मोटर त्याच हिशोबावर बनते. म्हणजे बटण पाच सेकंद दाबा, सोडा, अर्धा-एक मिनिट थंड होऊ द्या, परत दाबा. इंजिन फिरतंय पण स्टार्ट होत नाहीये, तर दोष प्लगमध्ये नाहीतर पेट्रोलमध्ये आहे, बटण दाबून धरल्यानं तो जाणार नाही, मोटरच्या तारेवरचं वार्निश मात्र जळेल.

मोटर घूंऽऽ करते पण इंजिन फिरत नाही, त्याचं थोडक्यात. इंजिनच्या मॅग्नेटच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या (मोटरमधली ती फेराइटची मॅग्नेट वेगळी), मागं वन-वे क्लच असतो, त्यात छोटे रोलर आणि स्प्रिंगा, ते झिजले किंवा क्लचचे बोल्ट ढिले झाले की मोटर एकटीच फिरते. ह्याला मॅग्नेट पुलर लागतो, तो नसेल तर फिटरकडं जा, स्क्रू ड्रायव्हर घालून मॅग्नेट उचकटू नका. आणि मोटर कण्हते, इंजिन अजिबातच हलत नाही, तर प्लग काढून बघा. कार्बोरेटरची नीडल गळून सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलेलं असू शकतं, प्लग काढला की इंजिन मोकळं होतं, अशा वेळी इंजिन ऑइलचा वास घ्या, पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका.

राहिली बॅटरीची निगा. गाडी चालू करून थोडी रेस दिली की बॅटरीवर १३.५ ते १४.५ च्या मध्ये दिसायला पाहिजे, नाहीतर चार्जिंगच होत नाहीये आणि दोन दिवसांनी परत ढिम्म. ५ किंवा ७ अँपिअर-अवरची बॅटरी ट्रॅक्टरच्या चार्जरला लावू नका, क्षमतेच्या दहाव्या हिश्शानं चार्ज करायची, ७ च्या बॅटरीला ०.७ अँपिअर, रात्रभर. उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडू देऊ नका, आतल्या प्लेटांवर सल्फेट कडक होतं आणि मग ती चार्ज झाल्यासारखी दाखवते, सेल्फच्या वेळी पाय गाळते.

दाजींची पहिली बॅटरी तशीच कोपऱ्यात पडून होती. चार्जिंगला लावून लोडवर बघितली, चांगली निघाली. ती उतरायची कारण गाडीला रिमोटची अलार्मची पेटी आहे, ती गाडी बंद असतानाही रात्रंदिवस थोडा थोडा करंट खात बसते आणि आठवड्याचे पाच दिवस गाडी उभीच असते. मायनसच्या टर्मिनलवर हातानं फिरवून काढता येणारा कट-ऑफ बसवून दिलाय, सोमवारी सकाळी पाहुणे गेले की दाजी तो फिरवून ठेवतात. टर्मिनल पूर्ण काढायचंच असेल तर मायनस आधी आणि बसवताना प्लस आधी, म्हणजे पाना चेसिसला टेकला तरी ठिणगी पडत नाही.